उरलेला चाप

पेपरमिंटची गोळी द्यावी म्हणून अब्राहाम सरांनी सफारीच्या खिशात हात घातला, तर बोटांना लागलं ते गोळीचं वेष्टण नव्हतं. तरी हात सवयीनं बाहेर आला, शेजारी बसलेल्या होणाऱ्या व्याह्यांपुढे अदबीनं उघडला, आणि मग सरांनी स्वतः तळहाताकडे पाहिलं. तिथे पोलादी पत्र्याचा एक चाप होता. करंगळीएवढा लांब, नखाएवढा रुंद, दोन्ही टोकांना वाकवलेला.

सरांनी मूठ मिटली. मूठ खिशात गेली. एवढ्यात मारुती रस्त्याची कड सोडून मुरमावर उतरली होती, ती त्यांनी परत डांबरावर आणली.

"गोळ्या संपल्या वाटतं," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की, सर," आसाराम पाटोळे म्हणाले आणि समोर बघत राहिले.

मागच्या सीटवर सरांच्या पत्नी मरियाबाई आणि आसारामांच्या लंकाबाई बसल्या होत्या. दोघींच्या मधे केळीची पिशवी होती. गाडी भिंगार ओलांडून पाथर्डीच्या रस्त्याला लागली होती. जायचं होतं शेवगावला, पाटोळ्यांच्या घरी, आणि वाटेत करंजीचा घाट होता.

"अहो," मरियाबाई म्हणाल्या, "खिशात ठेवलंय ते मिळालं का? सकाळी परात घासताना काठाला चिकटलेलं होतं. तुमचंच असेल म्हटलं."

"मिळालं."

"कामाचं होतं का?"

सरांनी विचार केला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"तसं काही नाही," ते म्हणाले.

अब्राहाम भिंगारदिवे नगरच्या मिशन शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. कॅम्पातल्या एका मेजरची जुनी मारुती घेतली, आणि कुठल्याही कामाला माणूस लावायचा नाही असं ठरवलं. नळ, पंखा, कुलूप असं करत करत ते गेल्या आठवड्यात ब्रेकपर्यंत पोचले. पुढचं डावं चाक ब्रेक दाबला की किंचाळू लागलं होतं. सरांनी चाक उतरवून पाहिलं. आतल्या बाजूचा ब्रेक पॅड झिजून नुसता पत्रा उरला होता, बाहेरच्याला मात्र अजून बोटभर जाडी होती. म्हणजे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला होता, आणि त्यामुळे दोन भावांपैकी एकच राबत होता. गॅरेजवाल्यानं गाडी चार दिवस ठेवावी लागेल असं सांगितलं. सरांनी घरी येऊन मरियाबाईंची परात मागितली.

माळीवाड्यातून पॅड आले, रबराचं किट आलं, ब्रेक ऑइलची बाटली आली. अंगणात वर्तमानपत्रं पसरून सरांनी कॅलिपर सुटा केला आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल तर त्याचं चित्र काढलं. परत जोडताना घोटाळा नको म्हणून. चित्र अप्रतिम झालं. मधे कॅलिपर, त्याच्या डावीकडे चार भाग, उजवीकडे चार भाग, प्रत्येकाची सावली एकाच दिशेला. मग त्यांनी पिस्टन पॉलिश पेपरनं असा घासला की त्यात स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. रबरी कड्या नव्या घातल्या. चित्राप्रमाणे सगळं जोडलं. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला मरियाबाईंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि चाकाशी उकिडवे बसून तासभर "दाब... सोड... दाब..." म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी मरियाबाईंना चर्चच्या पायऱ्या चढता आल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता मेहेकरीच्या अलीकडे, चाळीसच्या वेगात, सरांना ते चित्र डोळ्यांपुढे दिसू लागलं. फार स्पष्ट दिसू लागलं. अंगणातल्या वर्तमानपत्रावर मात्र उजवीकडे पाच भाग होते. पाचवा, हा पातळ चाप, पेपराच्या कडेला पडला होता आणि तो चित्रात घेतला असता तर चित्र एका बाजूला कललं असतं. डावीकडे चार असताना उजवीकडे पाच कसे चालतील? स्थिरचित्रात एखादं भांडं नको तिथे आलं की बाजूला सारतात, तसा त्यांनी तो हातानंच बाजूला सारला होता, तेवढ्यापुरता. सारून परातीत ठेवला होता.

आयुष्यभर सरांनी मुलांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की कागदाकडे बघू नका, वस्तूकडे बघा.

रस्त्यावर खड्डा आला. डाव्या चाकातून आवाज आला, कट्. सकाळपासून येत होता. मघापर्यंत सर त्याला पान्यांच्या पेटीचा आवाज समजत होते.

त्यांनी पाय अलगद ब्रेकवर ठेवून दाबला. गाडी थांबायला लागली. सोडला. परत दाबला. लागत होता, पण आत्ता लागतो म्हणजे घाटात लागेल असं थोडंच आहे. चाप कशाला असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. पॅड धरून ठेवायला असला तर? पहिल्या उतारावर पॅड निसटला तर? सफारीच्या आत पाठीवरून घामाचा एक थेंब निघाला आणि पट्ट्यापर्यंत सावकाश गेला. जानेवारीचा महिना होता.

गाडी थांबवावी आणि सांगावं, एवढंच करायचं होतं. पण काल रात्री जेवणानंतर सरांनी व्याह्यांना अंगणातून फिरवून ब्रेकची सगळी कथा दोन तास ऐकवली होती. चित्र तर हातातच दिलं होतं. आणि वर म्हणाले होते की दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवून घाट उतरतो तो मूर्ख. हे त्यांनी कुणाला ऐकवलं, तर एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला. आसारामांनी चित्र दिव्याखाली धरून पुष्कळ वेळ पाहिलं होतं. "चित्र लई ब्येस हाय," एवढंच म्हणाले होते.

शिवाय सोयरीक अजून पक्की कुठे होती? पाटोळे मुलाचं घर बघायला म्हणून काल आले, मुक्काम केला, आणि होकार-नकार शेवगावला गेल्यावर, मुलीच्या, जयमालेच्या, देखत सांगतो म्हणाले. सरांचा प्रशांत पुण्याहून परस्पर एसटीनं तिकडे पोचायचा होता. त्यानं आधीची तीन स्थळं नाकारली होती आणि जयमालेखेरीज लग्नच करत नाही असं आईला पत्रानं कळवलं होतं. अशा वेळी मुलीच्या बापाला सांगायचं की तुम्हाला ज्या गाडीत बसवलं तिचा एक भाग माझ्या खिशात आहे. मग तो मुलगी देईल?

आणि न सांगता घाटात काही झालं, तर द्यायला बाप उरेल का?

सर दोन्ही बाजूंनी विचार करून बघत होते. या चित्रात मात्र तोल साधत नव्हता.

मागे लंकाबाई मरियाबाईंना हरभऱ्याच्या भाजीबद्दल सांगत होत्या. त्या दोघींचे आवाज सरांना विहिरीतून आल्यासारखे वाटत होते. त्यांना सकाळची प्रार्थना आठवली. प्रवासाला निघताना घरातल्या वडीलधाऱ्यानं प्रार्थना करायची ही रीत. सरांनी तो मान पाहुण्यांना दिला होता. आसारामांनी डोळे मिटून, बॉनेटवर हात ठेवून, बरीच लांब प्रार्थना केली होती. "प्रभू, हिच्या चारी चाकांवर तुझा हात असू दे," असं म्हणून ते थांबले होते, आणि मग खालच्या आवाजात म्हणाले होते, "पुढच्या दोनवर जरा जास्त." खेड्यातल्या माणसाची श्रद्धा किती तपशीलवार असते, असं तेव्हा सरांच्या मनात आलं होतं.

घाटाच्या तोंडाशी सरांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन जरा गार होऊ दे म्हणाले. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. ते उतरले. आसारामही उतरले. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. खाली रस्ता डोंगराच्या कुशीतून वळणं घेत जात होता. एका वळणावर कठड्याचा चुना खरवडून गेलेला होता आणि पलीकडे सीताफळाची झुडपं होती. झुडपांच्या पलीकडे काही नव्हतं.

सरांनी खिशात हात घातला. चाप बोटांत धरला. तोंड उघडलं.

"इथून करंजी केवढी छान दिसते," ते म्हणाले.

"व्हय," आसाराम म्हणाले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "निघायचं का मग, सर? का अजून गार व्हायचंय?"

त्यांनी 'इंजिन' हा शब्द वापरला नव्हता, हे सरांच्या लक्षात यायला पुढे अर्धा तास लागला.

सरांनी पहिला गिअर टाकला आणि बदलला नाही. गाडी कण्हत उतरू लागली. मागून उसाचा एक ट्रक आला, त्यानं हॉर्न वाजवला, मग वाजवतच राहिला. सरांना तो ऐकू येत होता आणि येत नव्हता. त्यांचं सगळं लक्ष उजव्या तळपायात गोळा झालं होतं. पाय पेडलवर होता, पण दाबायची भीती वाटत होती. दाबला आणि लागला नाही तर कळेल. दाबलाच नाही तर निदान कळणार नाही.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर दाबावाच लागला.

कट्.

मोठा आवाज. सबंध पायातून आला. मागे दोघींचं बोलणं थांबलं. सरांच्या तोंडाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली, आणि गाडी मात्र वळण घेऊन निमूट पुढे गेली. पुढे तो खरवडलेला कठडा दिसू लागला. सरांना वाटलं की आपण चौघं असे इतक्या शिष्टाचारानं, इतकं बेताचं बोलत, त्या झुडपांतून खाली जाणार, आणि जाताना कुणी कुणाला काही विचारणारही नाही.

"पाटोळे," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "माझ्या खिशात एक चाप आहे. ब्रेकचा आहे. लावायचा राहिला."

आसारामांनी मान वळवली नाही.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "रस्त्याकडं बघा. गिअर बदलू नका, पहिलाच असू द्या. त्या ट्रकवाल्याला बोंबलू द्या."

सरांची नजर रस्त्यावरून क्षणभर खाली घसरली. दोन सीटच्या मधे हँडब्रेकचा दांडा होता. त्यावर आसारामांचा हात होता. नुसता ठेवलेला नव्हता. अंगठा बटणावर होता आणि नखं पांढरी झाली होती. दांड्याची प्लास्टिकची मूठ घामानं चकाकत होती. म्हणजे हात आत्ताचा नव्हता.

मग दोघांनी मिळून घाट उतरला. "आता जरा दाबा," आसाराम म्हणायचे, "आता सोडा," आणि सर दाबायचे आणि सोडायचे. मागून मरियाबाईंना हे शब्द ओळखीचे वाटले असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. खरवडलेला कठडा आला, डाव्या खिडकीतून हाताला लागेल इतका जवळून गेला, आणि मागे पडला.

करंजीत पंक्चरवाल्याच्या टपरीपुढे गाडी थांबली. सरांनी दार उघडून पाय बाहेर टाकले. ते तसेच सीटच्या कडेवर बसून राहिले. आसारामांनी टपरीतून जॅक आणला, गाडीतल्या पेटीतून पाना काढला, सफेद सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि दहा मिनिटांत चाक बाजूला काढलं. मग वर न बघता हात पुढे केला. सर गाडीला वळसा घालून आले आणि त्यांनी तळहातावर चाप ठेवला.

"ह्यो पॅडला बसतो," आसाराम म्हणाले. "पॅड हलू नये, वाजू नये म्हणून. न्हाई लावला तर बरेक लागतो, नुसता कटकट करतो."

"म्हणजे धोका नव्हता?"

"चापाचा नव्हता." त्यांनी अंगठ्यानं चाप दाबून जागेवर बसवला. "आवाजावरनं चाप ऱ्हायलाय हे नगरलाच कळलं. पन ज्यानं चाप इसरला त्यानं आनखी काय इसरलं, हे आवाजावरनं कसं कळावं?"

सरांनी वाकून कॅलिपरकडे पाहिलं.

"राती तुमचं चित्र मोजलं म्या," आसाराम पुढे म्हणाले. "हिकडं चार, तिकडं चार. तिकडं पाच असत्यात."

"मग बसलात कशाला गाडीत?"

आसारामांना हा प्रश्न जरा विचित्र वाटला असावा.

"सोयऱ्याच्या गाडीत बसत न्हाई म्हनलं असतं, तर सोयरीक ऱ्हाती का?"

त्यांनी पाना घेतला आणि कॅलिपरचे बोल्ट एकेक करून तपासले. पहिला जागचा हलला नाही. दुसऱ्यावर जोर दिला, तेव्हा पाना फिरला. अर्धा आटा, मग अजून थोडा, मग घट्ट. सरांनी ते पाहिलं होतं, आणि सरांनी पाहिलं हे आसारामांनी पाहिलं. मागे झाडाखाली बायका केळी सोलत होत्या. आसारामांनी पाना फडक्यात गुंडाळला आणि चाक परत चढवलं.

हात धुऊन झाल्यावर सरांनी किल्ली त्यांच्यापुढे धरली. इथून पुढे तुम्हीच चालवा, म्हणाले.

आसारामांनी किल्ली घेतली नाही.

"रिटायर झाल्यापास्नं म्या स्टेरिंगला हात लावला न्हाई," ते म्हणाले. मग घाटाकडे बघत, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं, म्हणाले, "आमी एकदा टोळी आनत हुतो ह्याच वाटेनं. ऊसतोडीची. मागं चाळीस मानसं, लेकरं, कोंबड्या. मधल्या वळनावर पेडल पार तळाला गेला, पायाखाली काय लागंचना. पहिल्या गिअरमधी उतरलो. कुनाला बोललो न्हाई. मागनं एक म्हातारी वरडत हुती, आरं डायवरा, बैल जुपलेत का गाडीला म्हनून. खाली आल्यावर तिनं मला अजून दोन शिव्या दिल्या." त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले. "एकोनीस वर्सं झाली. घरी बी सांगितलं न्हाई. आज तुमी चार वळनं न्हाई काढली, सांगून टाकलं."

लंकाबाई केळं घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते नवऱ्याच्या हातात दिलं.

"मला ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक हाय? कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाय पायजे? तवापास्नं तुमी झोपंत पाय दाबता. रोज. ह्यो उजवा." त्यांनी दुसरं केळं सरांपुढे धरलं. "घ्या, सर. तोंडाला कोरड पडली आसंल."

आसाराम हातातल्या केळ्याकडे बघत राहिले. मग गाडीत जाऊन आपल्या जागी बसले आणि म्हणाले, "चला, सर. जयमाला वाट बघत आसंल. तिला सांगायचंय, सासरा घाबरट हाय म्हनून."

"मग?" सरांनी विचारलं. तोंडात केळं होतं.

"मग काय? साखरपुड्याची तारीख धरू."

तिसगावपर्यंत रस्ता सपाट होता. कटकट थांबली होती. आसारामांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते बाहेर ज्वारी बघत होते. पण समोर बैलगाडी आली, की शेळ्या आडव्या आल्या, की त्यांचा उजवा पाय रबराच्या मॅटवर हळूच दाबला जायचा, सरांच्या पायाच्या जरा आधी. दोन-तीनदा तसं झालं. मग सर रस्त्याबरोबर त्या पायाकडेही बघू लागले, आणि तो दाबला गेला की ब्रेक दाबू लागले.